गरनाता : वाह, आह आणि मधली माणसे

आम्ही ग्रानादा पाहिलेले नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे लिहिणार आहोत ते हे शहर पाहून आलेल्यांच्या लिखाणाविषयी आहे. स्पेनच्या दक्षिणेला, सिएरा नेवाडाच्या बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी हे शहर आहे. पण आमच्या घरात ते लहानपणापासून होते. उर्दूत त्याला गरनाता म्हणतात. मोहल्ल्यातल्या वाचनालयात नसीम हिजाजींच्या 'शाहीन' आणि 'अंधेरी रात के मुसाफिर' या कादंबऱ्यांसाठी नंबर लागत. हाताळून हाताळून त्यांच्या पानांचे कोपरे गोल झाले होते. दिवसा मराठी शाळेत आम्ही अफजलखान आणि पानिपत शिकत होतो, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात गरनाता पडताना पाहत होतो. एका इतिहासात आमच्याकडे संशयाने पाहिले जाई, दुसऱ्यात आम्हांला रडायला बसवले जाई. या दोन्ही इतिहासांत आमचे आजोबा, म्हणजे बैलगाडीची चाके बसवणारा एक मराठी बोलणारा मुसलमान, नेमके कोठे बसतात हे मात्र कोणी सांगत नव्हते.

पुढे इंग्रजी अनुवादांतून ग्रानादाची प्रवासवर्णने वाचनात आली, उर्दू सफरनामे वाचले. अलीकडे आपल्याकडचेही पुष्कळ लोक सहलीच्या कंपन्यांबरोबर स्पेनला जाऊन येतात आणि आपले अनुभव लिहितात, सांगतात. एवढे वाचल्यावर-ऐकल्यावर आमच्या लक्षात आले की ग्रानादाला जाणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक 'वाह' म्हणणाऱ्यांचा, दुसरा 'आह' म्हणणाऱ्यांचा. पहिल्याला अलहम्ब्राची नक्षी दिसते, दुसऱ्याला गेलेले राज्य दिसते. दोघांची लेखणी चांगली चालते. पण दोघांच्याही पुस्तकात एक गोष्ट सापडत नाही. त्या शहरातली माणसे सापडत नाहीत. ती कोठे गेली, याचा शोध हाच या लेखाचा विषय आहे.

आधी अशा प्रवाशाकडे पाहू, जो शहर जिवंत असताना तेथे गेला. इब्न बतूता 1350 च्या सुमारास ग्रानादाला पोहोचला. तेव्हा नासरी घराण्यातला पहिला यूसुफ गादीवर होता. सुलतान आजारी असल्यामुळे भेट झाली नाही, पण त्याच्या आईने पाहुण्याला सोन्याच्या मोहरा पाठवल्या. आजचा वाचक येथे थांबून वाट पाहतो की आता अलहम्ब्राचे वर्णन येईल. ते येत नाही. ज्या सिंहांच्या चौकाचे फोटो आज घरोघरी आहेत तो तर तेव्हा बांधलाच गेला नव्हता. तो यूसुफचा मुलगा पाचवा मुहंमद याच्या काळातला. इब्न बतूता लिहितो ते शहराभोवतालच्या बागांविषयी, खेनील नदीविषयी, काजींविषयी, विद्वानांविषयी आणि एका बागेत जमलेल्या मंडळींविषयी. त्या मंडळींत इब्न जुज़ै नावाचा तरुण होता. पुढे याच तरुणाने इब्न बतूताच्या तोंडून ऐकून त्याचा सारा प्रवास लिहून काढला. आणि आणखी एक नोंद आहे, जी वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ग्रानादात फकिरांचा एक मेळा स्थायिक झाला होता. त्यात कोणी समरकंदचा, कोणी तबरीझचा, कोणी कोनियाचा होता, आणि दोघे हिंदुस्थानचे होते. ते दोघे कोठले, कोणती भाषा बोलत, तेथे कसे पोहोचले, काही कळत नाही. पण ते होते. चालत्या शहरात परका माणूस राहायला येतो आणि तेथलाच होतो. इब्न बतूताने हे टिपले कारण त्याला ग्रानादा म्हणजे माणसांचा गाव वाटला. राजवाडा पाहायचे तिकीट काढून तो आलेला नव्हता.

दुसरा साक्षीदार त्याच्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी आला. 2 जानेवारी 1492 रोजी अबू अब्दुल्ला, ज्याला स्पॅनिश लोक बोअब्दिल म्हणतात, त्याने शहर इसाबेला आणि फर्डिनांड यांच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी 31 मार्चला याच अलहम्ब्रातून स्पेनमधल्या यहुद्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम निघाला. ऑक्टोबर 1494 मध्ये न्यूरेंबर्गचा वैद्य हिएरोनिमस म्युन्झर ग्रानादाला आला. त्याच्या टिपणांत आपल्याला ते शहर संक्रमणात सापडते. मिनारांवरून अजान होते आहे, शुक्रवारी मोठी मशीद माणसांनी भरते आहे, शेतापर्यंत पाणी नेणारे पाट पाहून हा जर्मन गृहस्थ थक्क होतो आहे. त्याच टिपणांत यहुद्यांचा मोहल्ला पाडला जात असल्याची नोंदही आहे. म्युन्झर विजेत्यांचा मित्र होता, त्यांच्या विजयाचा त्याला आनंदच होता. तरीही तो डोळे मिटून चालला नाही, म्हणून त्याची टिपणे आज आपल्या उपयोगाची आहेत. पूर्वग्रह असलेला प्रामाणिक प्रवासी हा प्रेमाने आंधळ्या झालेल्या प्रवाशापेक्षा बरा, असे आम्हांला ती वाचून वाटले.

म्युन्झरने जी गर्दी पाहिली तिचे पुढे काय झाले? शरणागतीच्या करारात धर्म, मशिदी, कायदा सुरक्षित राहतील असे लिहून दिले होते. सात वर्षांत कागद निकामी झाला. 1499 मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आला, सक्तीचे धर्मांतर सुरू झाले, आल्बाइसिन मोहल्ल्यात उठाव झाला आणि बिबराम्बला चौकात अरबी पुस्तकांची होळी झाली. 1502 पर्यंत कास्तिलच्या राज्यात उघडपणे मुसलमान राहणे बेकायदा झाले. धर्मांतरितांना मोरिस्को हे नाव मिळाले. 1567 मध्ये त्यांच्या अरबी बोलण्यावर, पोशाखावर, नावांवर, हमामांवर बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वयोवृद्ध मोरिस्कोने अधिकाऱ्यांना एक लांबलचक अर्ज लिहिला. त्याचे म्हणणे साधे होते. पोशाख हा प्रांताचा असतो, धर्माचा नसतो. पूर्वेकडचे कितीतरी ख्रिस्ती अरबी बोलतात, म्हणून ते मुसलमान ठरत नाहीत. अर्ज फेटाळला गेला. 1568 च्या अखेरीस आल्पुहारा डोंगरात बंड पेटले, ते 1571 पर्यंत चालले. ग्रानादाच्या मुलखातले सुमारे 80,000 मोरिस्को उचलून आतल्या प्रांतांत विखुरण्यात आले. शेवटी 1609 ते 1614 या काळात साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख लोकांना जहाजांत घालून देशाबाहेर काढले.

हा तपशील आम्ही मुद्दाम दिला. राजा गेला 1492 मध्ये. लोक गेले त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. या सव्वाशे वर्षांचे ग्रानादा किती प्रवासवर्णनांत येते ते आता पाहू.

'वाह' पंथाचा आद्य पुरुष वॉशिंग्टन अर्विंग. हा अमेरिकन लेखक 1829 मध्ये सेव्हिलहून घोड्यावरून ग्रानादाला आला आणि उन्हाळ्याचे काही महिने चक्क अलहम्ब्रात मुक्कामाला राहिला. त्याच्या कथांचे पुस्तक 1832 मध्ये निघाले आणि अलहम्ब्रा जगाच्या नकाशावर पुन्हा आला. तेथल्या खोल्यांवर त्याच्या नावाची पाटी आज आहे. अर्विंगवर अन्याय करायचा नाही. 1812 मध्ये माघार घेताना फ्रेंच सैन्याने काही बुरूज उडवून दिले होते, वाड्याची पडझड झाली होती, आणि त्या पडक्या भिंतींच्या आडोशाला गरीब कुटुंबे संसार करीत होती. अर्विंगने ती पाहिली. मातेओ हा त्याचा बोलभांड वाटाड्या, घर सांभाळणारी दोन्या आंतोनिया, तिची भाची डोलोरेस ही माणसे त्याच्या पुस्तकात आहेत आणि त्यांच्यामुळेच ते आजही वाचवते. बोअब्दिलवर केलेले खोटे आरोपही त्याने तपासून पाहिले, हे त्याचे मोठेपण.

मग उणे काय? अर्विंगला त्या गरिबांच्या तोंडून हव्या होत्या त्या गोष्टी म्हणजे पुरलेला खजिना, मंतरलेले शिपाई, बुरुजात कोंडलेल्या शहजाद्या. मातेओचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या उपाशी का, या प्रश्नाशी तो रेंगाळत नाही. आणि 'मूर' त्याच्याकडे येतो तो भूत होऊन. ज्यांना जहाजांत कोंबून हाकलले त्या कुणब्यांची, रेशीम विणणाऱ्यांची, पाटकऱ्यांची भुते मात्र त्याला कधी भेटत नाहीत. भुतेसुद्धा राजघराण्यातलीच!

तेओफिल गोतिए हा फ्रेंच कवी 1840 मध्ये आला. त्यानेही अलहम्ब्रात रात्री काढल्या. भाषा अशी की वाचताना पाण्याचा आवाज ऐकू यावा. पण ग्रानादाचे नागरिक पॅरिसच्या फॅशनचे कपडे घालतात याचे त्याला दुःख! त्याला हवे होते ते चित्रातले लोक. हा रोग आजच्या सहलीतही आहे. पाहुणा बदलत्या जगातून येतो आणि यजमानाने मात्र बदलू नये अशी अपेक्षा करतो. आमच्या मोहल्ल्यात बिर्याणी खायला येणाऱ्या आणि 'तुम्ही फारच मराठी बोलता हो!' म्हणून हिरमुसणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ओळखतो, म्हणून गोतिएलाही ओळखतो.

आता 'आह' पंथाकडे येऊ. हा आपला पंथ, म्हणून येथे जास्त कठोर व्हायला हवे.

शहरांसाठी रडण्याची परंपरा अरबीत जुनी आहे. कोर्दोबा 1236 मध्ये, बलेन्सिया 1238 मध्ये आणि सेव्हिल 1248 मध्ये हातचे गेले, तेव्हा रोंदा गावच्या अबुल बका या कवीने लिहिलेला मर्सिया आजही अरब शाळांत पाठ करतात. ग्रानादा अजून पडायचे होते, आणि मर्सिया तयार होता. उर्दूत हालींनी 1879 च्या मुसद्दसमध्ये अंदलुसची आठवण काढून कौमीला हलवले. इजिप्तचा कवी अहमद शौकी पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी हद्दपार केल्यामुळे स्पेनमध्ये राहिला, आणि 1919 मध्ये मायदेशी परतण्याआधी अंदलुस पाहून आला. इक्बाल तिसऱ्या गोलमेज परिषदेनंतर 1933 मध्ये स्पेनला गेले, कोर्दोबाच्या मशिदीत त्यांनी नमाज पढली, आणि तिच्यावरची त्यांची थोर कविता 1935 च्या 'बाल-ए-जिब्रील'मध्ये आली.

शौकी आणि इक्बाल यांना आम्ही या आरोपातून वगळतो. शौकी स्वतः बेवतन होता. अलहम्ब्राच्या ओसाड दालनांत त्याला नाईल नदी आठवते, म्हणजे त्याच्या रडण्याला स्वतःच्या पायाखालची जमीन आहे. इक्बालांची कविता तर गेलेल्या राज्याचा हिशेब मांडतच नाही. काळ सगळे पुसून टाकतो, मग माणसाच्या हातचे काय उरते, असा तिचा प्रश्न आहे. मशीद हे तिचे निमित्त.

आमची तक्रार आहे ती त्यांच्यामागून आलेल्यांविषयी. उर्दूतले कितीतरी सफरनामे आणि आता मराठीत लिहिणाऱ्या आमच्या काही मित्रांचे लेख एकाच साच्यातून निघतात. विमान उतरते, लेखकाचे डोळे पाणावतात. अलहम्ब्राच्या भिंतीवर 'अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही' हे नासरी घराण्याचे वाक्य पुन्हा पुन्हा कोरलेले दिसते, पाणी गालांवर येते. मग ती टेकडी येते, जिला 'मूरचा उसासा' असे नाव आहे आणि जिच्याजवळून आज महामार्ग जातो. तेथे बोअब्दिलने वळून शहराकडे पाहिले, तो रडला, आणि मर्दासारखे जे राखता आले नाही त्यासाठी बाईसारखा रडतोस, असे त्याची आई म्हणाली. येथे लेख संपतो.

या गोष्टीचा उगम कोणी तपासत नाही. ती सोळाव्या शतकातल्या आंतोनियो दे गेवारा या स्पॅनिश पाद्र्याच्या लिखाणातून पसरली. म्हणजे विजेत्यांच्या दरबारात रचलेला पराभूताचा अपमान, आणि पराभूतांचे वारसदार म्हणवणारे आपण तो पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने सांगत आलो! त्यात बाईच्या रडण्याचीही नालस्ती आहे, हेही आमच्या लक्षात आले नाही. बोअब्दिलने आधी बापाविरुद्ध बंड केले, मग चुलत्याशी लढला, त्या भाऊबंदकीत राज्य पोखरले, हा भाग आम्ही घाईत उरकतो. अलहम्ब्रातूनच निघालेला यहुद्यांच्या हद्दपारीचा हुकूम तर आमच्या लेखांत जवळपास सापडतच नाही. दुसऱ्याच्या वाट्याचे अश्रू आम्ही आमच्याच खात्यावर जमा करतो.

आणि सगळ्यांत मोठी चूक ही की आम्ही टेकडीवरच थांबतो. राजा 1493 मध्ये समुद्र ओलांडून फेझला निघून गेला. त्याची गोष्ट तेथे संपली. आल्बाइसिनच्या चढणीवर राहणाऱ्या माणसाची गोष्ट त्या दिवशी सुरू झाली. अर्विंगने भूत पाहिले, आम्ही राजा पाहिला. वाह आणि आह या दोन टोकांच्या मधली माणसे दोघांनीही गाळली.

त्या मधल्या माणसांचा प्रवासी कोणी नव्हताच का? होता. त्याचे खरे नाव कोणाला माहीत नाही. त्याला 'आरेव्हालोचा तरुण' म्हणतात, कारण तो कास्तिलमधल्या आरेव्हालो गावचा. सोळाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात हा मोरिस्को गावोगाव फिरत होता, आणि वरकरणी ख्रिस्ती म्हणून जगणाऱ्या आपल्या लोकांत उरलेले ज्ञान गोळा करीत होता. ग्रानादाला तो आला तेव्हा शहर पडून काही दशके झाली होती. तो कोणाला भेटला? उबेदाची मोरा म्हणून ओळखली जाणारी नव्वदी ओलांडलेली एक वृद्धा, जिच्याकडे लोक दीनच्या बाबतीत सल्ला मागायला येत. आणि यूसुफ बानेगास नावाचा एक जुन्या घराण्यातला जाणता माणूस, ज्याने शहर पडताना आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. तरुणाने त्यांना बोलते केले आणि ऐकले ते लिहून ठेवले. बानेगासच्या बोलण्याचा आशय असा, की जे गेले त्यासाठी आपण रडत नाही, ते परत येणार नाही; पुढच्या पिढ्यांना जे पाहावे लागेल त्याची धास्ती वाटते. टेकडीवरच्या त्या रचलेल्या संवादापुढे हे बोलणे ठेवून पाहा. एकात मागे वळलेला राजा आहे, दुसऱ्यात पुढे पाहणारा म्हातारा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट त्या लिखाणाच्या भाषेची. हा तरुण लिहितो स्पॅनिश, पण अक्षरे अरबी. अशा लिखाणाला अल्हामियादो म्हणतात. कास्तिल आणि आरागोनचे मुसलमान कित्येक पिढ्या स्पॅनिशच बोलत होते. ती त्यांच्या आईची भाषा होती. त्याच भाषेत त्यांनी दुआ लिहिल्या, पैगंबरांच्या गोष्टी लिहिल्या, फिकहचे नियम लिहिले. राज्यकर्ते म्हणत होते की ही भाषा तुमची नाही. पलीकडचे आलिम हळहळत होते की यांना अरबी राहिली नाही. या दोघांच्या मध्ये बसून ही माणसे आपल्या बोलीत आपला दीन लिहीत होती. 1884 मध्ये आरागोनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या गावी एक जुने घर पाडताना जमिनीच्या फळ्यांखाली लपवलेली अशी हस्तलिखिते निघाली. आरेव्हालोच्या तरुणाचे लिखाणही त्यांत होते. म्हणजे अर्विंग जेव्हा अलहम्ब्रात खजिन्यांच्या गोष्टी ऐकत होता, तेव्हा खरा खजिना दूर एका खेड्यातल्या घराच्या जमिनीखाली पडून होता.

मराठीतून लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाला हे वाचून काय वाटेल, ते आम्ही सांगायला नको. 'तुमची भाषा उर्दू ना?' हा प्रश्न आपण दोन्ही बाजूंनी ऐकत आलो आहोत. आमचे अंदलुसमधले खरे नातेवाईक कोण, याचे उत्तर त्या फळ्यांखाली सापडले. ते सुलतान नव्हते. परक्या ठरवल्या गेलेल्या आपल्याच भाषेत लिहिणारे, नाव न ठेवता गेलेले हे लोक आमचे नातेवाईक.

आजचे ग्रानादा या मधल्या माणसांनी पुन्हा भरते आहे, आणि प्रवासी पुन्हा त्यांना ओलांडून जात आहेत. अलहम्ब्राच्या नासरी महालांत शिरायला ठरावीक वेळेचे तिकीट असते. ती वेळ चुकू नये म्हणून सगळी सहल धावत असते. समोरच्या आल्बाइसिन टेकडीवर जुलै 2003 मध्ये एक नवी मशीद उघडली. तिच्यासाठी पुढाकार घेतला तो मुख्यतः इस्लाम स्वीकारलेल्या स्पॅनिश लोकांनी, आणि शेजाऱ्यांच्या विरोधामुळे ती उभी राहायला वीसेक वर्षे लागली. खालच्या कालदेरेरिया गल्लीत मोरोक्कोहून आलेल्यांची चहाची दुकाने आहेत. दर 2 जानेवारीला शहराच्या नगरपालिकेच्या सज्जातून विजयाचा ध्वज फडकवला जातो, आणि त्याच चौकात त्या सोहळ्याचा निषेध करणारे ग्रानादाकरही उभे असतात. त्यांचा वारसा जुना आहे. याच मुलखातला कवी लोर्का याने जून 1936 मध्ये एका मुलाखतीत 1492 चा तो विजय म्हणजे शहराचे दुर्दैव असल्याचे उघड सांगितले होते. ऑगस्टमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे प्रेत आजवर सापडलेले नाही. अंदलुससाठी रडण्याचा मक्ता आमच्याकडे नाही. ग्रानादाच्या मातीतल्या एका ख्रिस्ती घरातल्या मुलाने त्यासाठी आमच्यापेक्षा जास्त किंमत मोजली.

आमच्या वाचनात वा ऐकण्यात आलेल्या सहलीच्या हकिगतींत ती मशीद उभारणारी माणसे नाहीत, चहावाला नाही, 2 जानेवारीचा चौक नाही. वाह आहे, आह आहे आणि फोटो आहेत.

आता थोडे घराजवळ येतो, कारण इब्न बतूताच आम्हांला घेऊन येतो. ग्रानादाला जाण्याआधी सुमारे आठ वर्षे तो आपल्या दौलताबादेत होता. तेथल्या जवाहिरांच्या व्यापाऱ्यांविषयी, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बाजाराविषयी, मराठ्यांविषयी त्याने लिहिले आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंदही केली आहे. स्पॅनिशमध्ये 'ग्रानादा' म्हणजे डाळिंब. त्या शहराच्या चिन्हातही तेच फळ आहे. एकाच माणसाच्या प्रवासात ही दोन शहरे येतात, आणि दोन्हीकडे तो बाजारात आणि माणसांत जास्त रमतो.

दौलताबादच्या किल्ल्यात शिरल्यावर एक मोठी इमारत लागते. 1318 मध्ये कुतबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात ती जामा मशीद म्हणून उभी राहिली. तिचे खांब पाहिले की कळते, ते आधीच्या देवळांचे आहेत. 1948 नंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसली आणि आज लोक त्याला भारतमाता मंदिर म्हणतात. आम्ही तेथे अनेकदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा नसीम हिजाजी आमच्या डोक्यात होते आणि आम्ही 'आह' म्हटले. बरोबरचा एक मित्र 'आता कसे बरोबर झाले' म्हणाला. आम्ही दोघेही खांबांकडे पाहत होतो, आणि दोघांनाही त्यातले आपल्यापुरतेच दिसत होते. ज्याने तो खांब प्रथम घडवला, ज्याने तो उपसून पुन्हा उभा केला, आणि जो आज तेथे झाडलोट करतो, त्या तिघांचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा ग्रानादाची ही सारी पुस्तके वाचून झाली होती. किल्ल्याबाहेर सीताफळे विकणाऱ्या एका वृद्धेपाशी बसलो. ती मुसलमान होती की हिंदू हे नावावरून कळले असते, म्हणून नाव विचारले नाही. तिच्या लहानपणी किल्ल्यात काय काय होते, ते विचारले. ती तासभर बोलली. विहिरींविषयी, दुष्काळाविषयी, उरुसाविषयी आणि जत्रेविषयी. त्यात एकही सुलतान आला नाही. आमच्या वहीची सहा पाने भरली.

या अंकात लिहिणाऱ्या तरुण मित्रांपैकी कोणी उद्या ग्रानादाला जाईलच. त्याने अलहम्ब्रा जरूर पाहावा, डोळे भरून आले तर येऊ द्यावेत, त्यात लाज नाही. पण लेख टेकडीवर संपवू नये. आल्बाइसिनची चढण चढावी आणि तेथे कोणी म्हातारी भेटली तर तिच्यापाशी बसावे. आणि ज्यांना एवढ्या लांब जाणे परवडणार नाही, म्हणजे आमच्यासारख्या बहुतेकांनी, खुलदाबादला, अहमदनगरला, विजापूरला, आपल्याच तालुक्यातल्या पडक्या गढीपाशी जावे. तेथे काय होते ते सर्वांनी लिहून झाले आहे. तेथे कोण राहते ते अजून लिहायचे आहे.